ताप कोणाच्या सांगण्यावरून येतो?

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लॅबचे रिपोर्ट फिरत होते. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन आणि त्यांच्याखाली आणखी एक ओळ: आयएल-६. समोर आकडा, शेजारी एकक, पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. निरोगी माणसात हा आकडा साधारण सातच्या आत असतो. तो तीस झाला, ऐंशी झाला की घरचे हादरायचे आणि टॉसिलिझुमॅब या औषधाच्या एका कुपीसाठी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन जायचे. ‘सायटोकाइनचं वादळ’ हे शब्द त्या दोन महिन्यांत ज्याच्या त्याच्या तोंडी झाले.

वादळ ओसरलं, शब्द मागे राहिला. आयएल-६ म्हणजे इंटरल्युकिन-६, एक सायटोकाइन. पेशीने पेशीला पाठवलेला निरोप वाहणारं छोटंसं प्रथिन म्हणजे सायटोकाइन, एवढी व्याख्या आता शाळेच्या पुस्तकातही बसेल. पण या निरोप्यांना शोधायला म्हणून कोणी निघालंच नव्हतं. कोणाला इंजेक्शननंतर येणारा ताप थांबवायचा होता, कोणाला फ्लूचे विषाणू एकमेकांना का अडवतात ते पाहायचं होतं, तर कोणाला केनियातली गुरं का वाळतात हे जाणून घ्यायचं होतं. ज्याला जे दिसलं त्यावरून त्याने नाव ठेवलं. पुढे त्या नावांवर भरवसा ठेवून औषधं बनवली गेली, आणि बहुतेक वेळा पहिला नेम चुकला. या रेणूंचा इतिहास वाचताना मला सगळ्यांत रंजक वाटतो तो हाच भाग.

सुरुवात १९२३ पासून करू. तेव्हा शिरेतून सलाइन किंवा औषध दिलं की कित्येक रोग्यांना तासाभरात हुडहुडी भरून ताप यायचा. औषधाचाच तो गुण, असं म्हणून डॉक्टर विषय सोडून देत. फ्लोरेन्स सायबर्ट या तरुण अमेरिकन जीवरसायनतज्ज्ञ बाईंनी तो सोडला नाही. लहानपणी पोलिओ झाल्याने त्यांचे पाय अधू होते. येल विद्यापीठात डॉक्टरेट करताना त्यांनी दाखवून दिलं की दोष औषधात नसून डिस्टिल्ड पाण्यात आहे. पाणी उकळताना वाफेबरोबर बारीक थेंब उडून पुढच्या भांड्यात जात, आणि त्या थेंबांतून जंतूंचे अवशेष. जंतू मेलेले असले तरी ताप यायचाच. जंतूंच्या कवचातल्या या द्रव्याला बर्लिनमध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या हाताखाली काम करणाऱ्या रिचर्ड फायफरने १८९२ मध्येच एंडोटॉक्सिन म्हटलं होतं. थेंब अडवणारं ऊर्ध्वपातनाचं उपकरण सायबर्टबाईंनी बनवलं, आणि शिरेतून द्रव देणं त्यानंतर कुठे भरवशाचं झालं. आज सलाइनच्या बाटलीवर ‘पायरोजेन-मुक्त’ असं छापलेलं असतं, त्यामागे हे काम आहे. सायबर्टबाई या गोष्टीत पुन्हा येणार आहेत.

मग प्रश्न आला, एंडोटॉक्सिन स्वतःच मेंदूला तापवतं, की मधे कोणी दलाल आहे? इंजेक्शन आणि ताप यांत जाणारा वेळ दलालाकडे बोट दाखवत होता. अमेरिकेत वॅली मेन्किन यांनी १९४०च्या दशकात जाहीर केलं की सुजलेल्या जागेच्या द्रवातून ताप आणणारा पदार्थ आपण वेगळा काढला आहे. त्यांनी त्याला पायरेक्सिन म्हटलं. कल्पना योग्य होती, पण भांडी अस्वच्छ होती. त्यांच्या पायरेक्सिनमध्ये एंडोटॉक्सिनच मिसळलेलं होतं, असं पुढे दिसलं. सायटोकाइनच्या इतिहासात हा शाप पुढेही सुटत नाही. निरोप आणणारा पिकोग्रॅममध्ये आणि मळ त्याच्या कित्येक पट, तेव्हा काम कोणी केलं हे कसं सांगायचं?

अटलांटातल्या एमरी विद्यापीठात पॉल बीसन यांनी ही काळजी घेतली. बीसन म्हणजे जुन्या पिढीतल्या डॉक्टरांनी ज्यांचं नाव मेडिसिनच्या जाडजूड पाठ्यपुस्तकावर पाहिलं असेल ते. त्यांनी प्रत्येक भांडं, प्रत्येक सुई एंडोटॉक्सिनपासून मुक्त केली, सशाच्या पोटाच्या पोकळीतून पांढऱ्या पेशी गोळा केल्या, आणि त्यांच्यापासून काढलेला अर्क दुसऱ्या सशांना टोचला. ससे तापले. एंडोटॉक्सिन उकळलं तरी टिकतं; हा पदार्थ उष्णतेने नासत होता. १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ताप बाहेरून येत नाही, बाहेरच्या खुणेवरून शरीर तो स्वतः आणतं, हे त्या दिवसापासून पक्कं झालं. एक चूक मात्र राहिली. बीसन यांना वाटलं, हा पदार्थ पू होणाऱ्या जागी धावणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा आहे. वीसेक वर्षांनी कळलं की मूळ कारागीर मोनोसाइट आणि मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी.

थंडी वाजून ताप येतो हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यातला विरोधाभास जाणवतच नाही. अंग तापत असताना थंडी का वाजावी? रक्तातून आलेला हा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या रक्तवाहिन्यांपाशी पोचतो. तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं, आणि शरीराचं ठरलेलं तापमान सदतीसवरून एकोणचाळीसवर नेलं जातं. आता सदतीस अंशांवरचं शरीर मेंदूच्या लेखी थंड पडलेलं असतं. म्हणून कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू थरथरतात आणि आपण गोधडी मागतो. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. त्यावर त्यांना १९८२चं नोबेल मिळालं. गोळी घेतल्यावर दरदरून घाम सुटतो, कारण मेंदूने तापमानाचा आकडा पुन्हा खाली आणलेला असतो. निरोप मात्र रक्तात तसाच फिरत असतो. गोळीचा अंमल उतरला की ताप परत चढतो, तो म्हणूनच.

हा ताप आणणारा रेणू शुद्ध स्वरूपात हातात यायला आणखी तीस वर्षं लागली. चार्ल्स डिनारेलो यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत माणसाच्या रक्तातल्या पेशींपासून तो गाळून गाळून १९७७ मध्ये वेगळा केला. पण बक्षिसाऐवजी शंका वाट्याला आली. कारण हाच पदार्थ दुसऱ्या प्रयोगशाळांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढवत होता, यकृताला वेगळी प्रथिनं बनवायला लावत होता, सांध्यातली कूर्चा झिजवत होता. एकाच रेणूची इतकी कामं? पुन्हा भांडीच अस्वच्छ असणार, असं लोक म्हणाले. १९८४ मध्ये त्याचं जनुक हाती आलं आणि वाद मिटला. तोपर्यंत त्या एका रेणूला प्रत्येक शाखेने आपापलं नाव दिलेलं होतं. तापवाल्यांचं वेगळं, लिम्फोसाइटवाल्यांचं वेगळं, कूर्चावाल्यांचं वेगळं. आज त्याला इंटरल्युकिन-१ म्हणतात. माणसाला ताप आणायला वजनाच्या दर किलोमागे त्याचे काही नॅनोग्रॅम पुरतात.

या गोष्टीची दुसरी शाखा क्षयाची. रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत क्षयावर औषध सापडल्याची चाहूल दिली, आणि युरोपभरातून रोग्यांचे लोंढे निघाले. औषध म्हणजे ट्युबरक्युलिन, क्षयजंतूंचा अर्क. त्याने क्षय बरा झाला नाही, ताप मात्र चढला. पुढे फ्रान्समध्ये चार्ल्स माँटू यांनी त्याचा थेंब कातडीत टोचून निदानाची चाचणी बसवली. आपल्याकडे मुलांच्या हातावर पेनने गोल करून ‘परवा दाखवायला या’ म्हणतात ती माँटू टेस्ट हीच. तिच्यासाठी लागणारं शुद्ध प्रथिन, पीपीडी, तयार केलं तेही फ्लोरेन्स सायबर्ट यांनीच.

टोचलेल्या जागी गाठ येते, ती दोन दिवसांनी का? अँटिबॉडीमुळे येत असती तर मिनिटांत आली असती. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी एका गिनीपिगची अशीच उशिरा दिसणारी कातडीची संवेदनशीलता दुसऱ्याला दिली. ती रक्तरसातून जात नव्हती, पेशींमधून जात होती. पेशी नेमकं काय करतात हे दिसलं १९६६ मध्ये, काचेच्या केशनळीत. नळीत भरलेल्या मॅक्रोफेज पेशी तोंडातून बाहेर पसरतात, पंख्यासारख्या. क्षयाची ओळख झालेल्या प्राण्याच्या लिम्फोसाइट त्यांच्यासोबत ठेवून ट्युबरक्युलिन टाकलं की त्या जागच्या जागी थांबतात. लिम्फोसाइट काहीतरी सोडत होत्या आणि मॅक्रोफेज ते ऐकत होत्या. बॅरी ब्लूम आणि बॉइस बेनेट यांनी एका प्रयोगशाळेत, जॉन डेव्हिड यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत हे एकाच वर्षी दाखवलं. १९६९ मध्ये डड्ली ड्युमाँड यांनी अशा सगळ्या पदार्थांना लिम्फोकाइन म्हटलं. मग लक्षात आलं की लिम्फोसाइट नसलेल्या पेशीही असेच पदार्थ सोडतात. म्हणून स्टॅन्ली कोहेन या विकृतिशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये जरा ऐसपैस नाव सुचवलं, सायटोकाइन. (१९८६चं नोबेल मिळालेले स्टॅन्ली कोहेन हे दुसरे. नावांचा घोळ या विषयात माणसांनाही चुकलेला नाही.)

तिसरी शाखा विषाणूंची, आणि ती सर्वांत गाजली. एका विषाणूची लागण झालेल्या पेशी दुसऱ्या विषाणूला दाद देत नाहीत हे आधीपासून ठाऊक होतं. लंडनच्या मिल हिलमधल्या संस्थेत ग्लासगोचे ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेऊन त्यांवर उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू टाकला. मग त्या तुकड्यांभोवतीचं पाणी ताज्या तुकड्यांवर ओतलं. ताज्या तुकड्यांत विषाणू वाढेना. १९५७ मध्ये त्यांनी त्या पाण्यातल्या पदार्थाला इंटरफेरॉन म्हटलं. टोकियोत नागानो आणि कोजिमा यांना १९५४ पासून सशाच्या कातडीवर असाच परिणाम दिसत होता, पण त्यांनी तो फ्रेंच नियतकालिकात छापला आणि इंग्रजी जगाने तो वाचला नाही. आयझॅक्स यांच्यावरही सहजी कोणी विश्वास ठेवला नाही. काही अमेरिकन विषाणुतज्ज्ञ टवाळीने ‘मिसइंटरप्रिटॉन’ म्हणत. १९६७ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी आयझॅक्स गेले, तेव्हाही शुद्ध इंटरफेरॉन कोणी पाहिलेलं नव्हतं.

ते मिळवण्यासाठी हेलसिंकीत कारी कँटेल यांनी वर्षानुवर्षं रेडक्रॉसला मिळालेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा केल्या. जगातलं बरंचसं इंटरफेरॉन काही काळ फिनलंडच्या रक्तदात्यांकडून येत होतं, आणि ते इतकं थोडं होतं की कर्करोगावर त्याचा उपयोग होतो की नाही हे ठरवणंही परवडत नव्हतं. जे दुर्मीळ ते गुणकारी असणार, ही समजूत जगभर सारखीच. झुरिकच्या चार्ल्स वाइसमान यांनी माणसाचं इंटरफेरॉन जीवाणूंकडून बनवून घेतल्याची बातमी जानेवारी १९८० मध्ये फुटली. मार्चअखेर ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर इंटरफेरॉन होतं.

मग ते मुबलक झालं, रोग्यांना दिलं गेलं, आणि रोग्यांना ताप आला. अंगदुखी, थकवा, मळमळ, भूक जाणं. फ्लूत होतं ते सगळं, फक्त फ्लूचा विषाणू नव्हता. फ्लूचं जे दुखणं आपण विषाणूच्या माथी मारतो त्यातला मोठा वाटा आपल्याच इंटरफेरॉनचा असतो, हे असं सिद्ध झालं. कर्करोगाचा काळ म्हणून इंटरफेरॉन टिकलं नाही. १९८६ मध्ये ते रक्ताच्या एका दुर्मीळ कर्करोगासाठी मंजूर झालं आणि पुढे हिपॅटायटिस सीच्या रोग्यांनी ते वीस-पंचवीस वर्षं नाइलाजाने सोसलं. माझ्या मते त्याचा खरा उपकार वेगळाच आहे. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत कसा जातो, याचा पाठलाग करताना जेम्स डार्नेल, इयान कर आणि जॉर्ज स्टार्क यांना १९९०च्या सुमारास एक अगदी आखूड वाट सापडली. पेशीच्या कातडीवर रिसेप्टरचे दोन तुकडे असतात. सायटोकाइन त्यांना जवळ आणतं. त्यांच्या आतल्या टोकाला चिकटलेली जॅक नावाची विकरं जागी होतात आणि स्टॅट नावाच्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवतात. स्टॅट जोडीने केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात. दारापासून केंद्रकापर्यंत जेमतेम दोन हातांची अदलाबदल. इंटरफेरॉन, आयएल-२, आयएल-६ आणि इतर अनेक सायटोकाइन हीच वाट वापरतात, फक्त जॅक-स्टॅटच्या जोड्या बदलतात. एकच निरोप यकृताच्या पेशीला एक सांगतो आणि लिम्फोसाइटला दुसरं, कारण त्या पेशीत कोणती जनुकं उघडी आहेत यावर उत्तर ठरतं. संधिवाताच्या रोग्यांना आज मिळणारी टोफासिटिनिबची गोळी ही जॅकची वाट अडवते.

एवढ्या नावांच्या गर्दीला कंटाळून १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एर्माटिंगेनला जमलेल्या संशोधकांनी ‘इंटरल्युकिन’ हे तटस्थ नाव आणि पुढे नुसते क्रमांक द्यायचं ठरवलं. आता क्रमांक चाळिशीपर्यंत गेले आहेत. कोणतंही काम न सांगणारं हे नाव त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायला हवं.

ज्यांना हा क्रमांक मिळाला नाही त्यांत टीएनएफ आहे, म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, गाठ मारणारा घटक. त्याची वंशावळ न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या शल्यविशारदापासून निघते. १८९१ मध्ये हाडाच्या कर्करोगाने एक तरुण रोगी गमावल्यावर त्यांनी इस्पितळाचे जुने कागद चाळले. त्यात एक माणूस सापडला, ज्याच्या मानेची गाठ धावरे झाल्यानंतर विरघळून गेली होती. कोली मुद्दाम जंतू, मग मारलेल्या जंतूंचं मिश्रण टोचू लागले. रोगी थरथरत, फणफणत. काहींच्या गाठी गेल्या, बऱ्याचशांच्या राहिल्या. किरणोपचार आल्यावर कोली मागे पडले. त्यांच्या मुलीने, हेलन कोली नॉट्स यांनी, वडिलांचे कागद घेऊन १९५३ मध्ये कर्करोग संशोधनाची संस्था काढली. तिचे पुढे संचालक झालेले लॉइड ओल्ड यांनी १९७५ मध्ये एलिझाबेथ कार्सवेल आणि सहकाऱ्यांसह दाखवलं, की बीसीजी टोचलेल्या उंदरांना एंडोटॉक्सिन दिल्यावर त्यांच्या रक्तरसात असं काही उतरतं ज्याने दुसऱ्या उंदरांच्या गाठी काळ्या पडून मरतात. टीएनएफ हे नाव तेव्हाचं.

त्याच शहरात, रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी यांना केनियातल्या गुरांचं कोडं पडलं होतं. त्सेत्से माशीमुळे ट्रायपॅनोसोमची लागण झालेली गुरं वाळून मरत, पण त्यांच्या रक्तात परजीवी अगदी थोडे सापडत. एवढ्याशा जंतूंनी एवढं जनावर कसं खाल्लं? सशांना तीच लागण करून पाहिली. ससे वाळले, आणि त्यांच्या रक्तात चरबी मात्र भरून राहिली, कारण ती साठवणारं विकर कोणीतरी बंद पाडलं होतं. वाळवणाऱ्या त्या घटकाला सेरामींनी कॅकेक्टिन म्हटलं. त्यांच्याकडे आलेल्या ब्रूस बॉयट्लर यांनी १९८५ मध्ये तो शुद्ध केला, त्याची रचना वाचली आणि ती टीएनएफशी जुळली. गाठ मारणारा आणि गुरं वाळवणारा एकच. त्याच वर्षी, कॅकेक्टिनविरुद्धची अँटिबॉडी आधी दिली तर उंदीर एंडोटॉक्सिनच्या मारातून वाचतात, हेही दिसलं. पुढच्या वर्षी उलटा पुरावा आला. उंदीरवर्गातल्या प्राण्यांना नुसतं टीएनएफ दिलं की जंतूंशिवायच त्यांचा रक्तदाब कोसळला. जंतुसंसर्गाने मरणारा रोगी बऱ्याचदा आपल्याच निरोपांनी मरतो, हे मान्य करायला वैद्यकाला जड गेलं असणार. बॉयट्लर यांनी पुढे एंडोटॉक्सिन ओळखणारा रिसेप्टरही शोधला आणि २०११ मध्ये नोबेल मिळवलं. सायबर्टबाईंच्या डिस्टिल्ड पाण्यातला मळ नेमका कोणत्या दारावर थाप मारतो, ते १९९८ मध्ये कळलं.

साहजिकच जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या, म्हणजे सेप्सिसच्या, रोग्यांत टीएनएफ अडवून पाहिलं गेलं. उंदरांत जे जमलं ते माणसांत फसलं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर टीएनएफ शोषून घेणाऱ्या औषधाची मात्रा वाढली तशी मृत्यूंची संख्या वाढली. रोगी दवाखान्यात पोचतो तोवर निरोप केव्हाच देऊन झालेला असतो, आणि जिवंत जंतू अंगात असताना निरोपच बंद केला तर लढणार कोण?

यश आलं ते कोणी फारशी अपेक्षा न केलेल्या जागी, दुखऱ्या सांध्यांत. लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि ऑस्ट्रेलियात वाढलेले मार्क फेल्डमान लंडनच्या केनेडी संस्थेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रोग्यांच्या सांध्यांतल्या ऊती बशीत वाढवून पाहत होते. त्यांत आयएल-१, आयएल-६, टीएनएफ सगळेच सापडत. एकाला अडवून उपयोग काय, असं कोणीही म्हणालं असतं. पण बशीत टीएनएफ अडवलं की बाकीचेही उतरत. टीएनएफ या साखळीच्या डोक्यावर बसलं होतं. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस इस्पितळात पहिल्या वीस रोग्यांच्या चाचणीला सुरुवात झाली. वर्षानुवर्षं आखडलेली माणसं काही दिवसांत जिने चढू लागली. गाठ मारण्याच्या नावाने जन्मलेला रेणू जगभर प्रसिद्ध झाला तो त्याला अडवणाऱ्या औषधांमुळे, आणि त्यांतलं अडालिमुमॅब हे जगातल्या सर्वाधिक खपाच्या औषधांपैकी एक ठरलं. त्याची पहिली जेनेरिकसदृश आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये भारतात, झायडसने आणली.

हे सगळं वाचून सायटोकाइन म्हणजे रक्तात फिरणारं विष वाटू लागेल. ते तसं नाही. हॉर्मोन शरीरभर जातं. सायटोकाइन मुळात गल्लीतली दवंडी आहे. ज्या पेशीने ओरडायचं ती शेजारच्या चार पेशींना ऐकवते, कधी स्वतःलाच, आणि काही तासांत गप्प होते. बोटात काटा मोडला की तेवढीच जागा लाल, गरम, ठणकणारी होते, ती टीएनएफ आणि आयएल-१ने तिथल्या रक्तवाहिन्या सैल आणि चिकट केल्यामुळे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकून बाहेर उतरतात. हेच सगळ्या शरीरात एकदम घडलं तर रक्तातलं पाणी सगळीकडे झिरपतं आणि रक्तदाब उरत नाही. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क इस्पितळात सहा निरोगी तरुणांना टीजीएन१४१२ ही नवी अँटिबॉडी टोचली गेली. तिने टी-पेशींचं, म्हणजे एका जातीच्या लिम्फोसाइटचं, बटण थेट दाबलं. दीड तासात सहाही जणांना डोकेदुखी, थंडी, उलट्या, आणि मग फुप्फुसं, मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. अंगात कसलाही जंतुसंसर्ग नव्हता. सगळे वाचले, एकाची बोटं गेली. ज्यांना ‘सायटोकाइनचं वादळ’ ही अतिशयोक्ती वाटते त्यांनी या सहा जणांचा अहवाल वाचावा.

आता आयएल-६. १९८६ मध्ये ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशियो हिरानो यांनी त्याचं जनुक मिळवलं, बी-पेशींना अँटिबॉडी बनवायला लावणारा घटक म्हणून. तोच यकृताला सीआरपी बनवायला लावणारा निघाला. सीआरपी ही तपासणी गल्लीतली लॅबही करते. ते प्रथिन १९३० मध्ये रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडलं होतं, आणि त्यामागचा निरोप्या कळायला पन्नास-पंचावन्न वर्षं गेली. आयएल-६चा रिसेप्टर अडवणारं टॉसिलिझुमॅब जपानने २००५ मध्ये कॅसलमन या दुर्मीळ आजारासाठी, मग संधिवातासाठी मंजूर केलं. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात रक्ताचा कर्करोग झालेल्या सहा वर्षांच्या मुलीला बदललेल्या टी-पेशी दिल्या गेल्या, आणि ती तापाने फणफणून मरणाच्या दारी गेली. तपासणीत आयएल-६ प्रचंड वाढलेलं दिसलं. हा उपचार घडवणारे कार्ल जून यांना टॉसिलिझुमॅब ठाऊक होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला बालसंधिवात होता. एका मात्रेने मुलगी शुद्धीवर आली. आज मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या नेक्सकार१९ उपचारातही हे वादळ सांभाळण्याची तयारी ठेवूनच पेशी दिल्या जातात.

कोविडमध्ये टॉसिलिझुमॅबकडे लोक धावले ते या यशामुळे. पण आकडे नीट पाहिले तर कोविडच्या गंभीर रोग्यांचं सरासरी आयएल-६ हे पेशीउपचारातल्या वादळाच्या जवळपास शंभरावा भाग होतं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत ४,००० हून अधिक रोग्यांत टॉसिलिझुमॅबमुळे मृत्यूचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. उपयोग खरा, पण मर्यादित, आणि तोही स्टेरॉइड सोबत असताना. त्याच चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटवले ते डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने, जे अनेक सायटोकाइनची निर्मितीच दाबते आणि काही रुपयांना मिळते. चाळीस हजारांच्या कुपीसाठी दागिने मोडणाऱ्या घरांना त्या वेळी हे कोणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं. आणि उलट बाजूही २०२० मध्येच पुढे आली. पॅरिस-न्यूयॉर्कच्या जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या चमूला अत्यवस्थ कोविड रोग्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांत स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या. त्यांच्यात निरोप जास्त झाला नव्हता. पहिला, सर्वांत महत्त्वाचा निरोप पोचलाच नव्हता.

टीएनएफ अडवण्याची किंमत २००१ मध्ये कळली. इन्फ्लिक्सिमॅब हे असं औषध घेणाऱ्या रोग्यांत क्षयाची ७० प्रकरणं नोंदली गेली, बहुतेक उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांतच. क्षयजंतूला शरीर नेहमी मारत नाही. मॅक्रोफेजच्या कड्यात कोंडून ठेवतं, आणि ते कडं टीएनएफ धरून ठेवतं. निरोप थांबला की कडं सुटतं. युरोप-अमेरिकेत ही दुर्मीळ गुंतागुंत आहे. भारतात २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांच्या अंगात क्षयाची लागण आढळली. ती सुप्त असते, खोकला नाही, ताप नाही. म्हणून ही औषधं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि माँटू किंवा इग्रा तपासणी करतात. इग्रामध्ये तुमच्या रक्तातल्या लिम्फोसाइटना क्षयजंतूची प्रथिनं दाखवून त्या किती इंटरफेरॉन गॅमा सोडतात ते मोजलं जातं. तेव्हा घरात कोणाला संधिवात, सोरायसिस किंवा आतड्यांच्या आजारासाठी ‘बायोलॉजिकल’ इंजेक्शन सुचवलं असेल, तर ही तपासणी पैसे वाचवायला म्हणून टाळू नका, आणि आजी-आजोबांना, चाळीतल्या शेजाऱ्याला कधी टीबी झाला होता का, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता स्वतःहून सांगा.